दाजींच्या डाव्या बाजूला

फोन आला तेव्हा मी परीक्षेच्या वर्गावर पर्यवेक्षक होतो. मोबाईल नियमाप्रमाणे ऑफिसात जमा केलेला. तीन तासांनी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा देऊन सही केली, मोबाईल हातात घेतला, तर ताईचे सात आणि भाचीचे चार मिस्ड कॉल. कुणी काही न सांगताच कळलं... याकोब दाजी गेले. छातीत कफ झाला म्हणून आठवडाभर ते दवाखान्यात होते, पण रविवारी मी भेटून आलो तेव्हा उठून बसले होते, चहात बुडवून खारी खात होते. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते दुःख नव्हतं. चार वर्षं लपवलेलं आता ताईला सांगावं लागेल, असं मनात आलं. दाजींच्या मातीला उभा असताना, पास्टर शास्त्रपाठ वाचत असताना, नंतर घरी भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली असताना तेच मनात घोळत होतं. चार वर्षांपूर्वीच्या एका दिवसाचं ते ओझं आहे. आज दीड महिन्यानं लिहायला बसलो तरी दाजी म्हटलं की तोच दिवस आधी समोर येतो.

याकोब दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. आमचं गाव शेवगावकडचं, कोरडवाहू. वडील गवंडीकाम करायचे, आई शेतात मजुरीला जायची. गावात शाळा सातवीपर्यंतच. सातवी झाल्यावर मी वडिलांच्या हाताखाली वाळू चाळायला जाणार हे जवळपास ठरलं होतं. तेव्हा एका सकाळी दाजी कोल्हारहून आले, आईनं केलेला चहा उभ्यानंच प्यायले आणि माझी पत्र्याची पेटी खांद्यावर घेऊन म्हणाले, "ह्यो आमच्याकडं शिकंल." एवढंच. त्यात वडिलांना विचारणं नव्हतं आणि उपकाराची भाषाही नव्हती. ते एका शाळेच्या बसवर ड्रायव्हर होते, स्वतः चौथी शिकलेले. शनिवारी अर्धी शाळा सुटली की बस धुवायला, हवा भरायला नेत, तेव्हा मला शेजारच्या बॉनेटवर बसवत आणि रस्त्यावरची एकही पाटी सोडू देत नसत. "मास्तर, वाच." आठवीतल्या पोराला ते मास्तर म्हणायचे. फाट्यांची नावं, किलोमीटरचे दगड, बियाण्यांच्या जाहिराती, ट्रकच्या मागे लिहिलेले शेर... बुडाला चटके सोसत मी सगळं वाचायचो. पुढे भूगोल घेऊन बी.ए., एम.ए. झालो. आमच्या सगळ्या भावकीत पदवी घेतलेला मी पहिला. आता नगरला ज्युनिअर कॉलेजात मुलांना नकाशा वाचायला शिकवतो. जिल्ह्यातली बरीच नावं मी आधी त्या बॉनेटवर बसून वाचलेली आहेत.

दाजी निवृत्त झाले त्याच सुमारास शाळेनं जुनी मिनीबस विकायला काढली. दाजींनीच ती बारा वर्षं चालवली होती. दुसऱ्या कुणाच्या दारात ती उभी राहिलेली त्यांना बघवली नसती. त्यांनी ती घरी आणली आणि पुढची दोन वर्षं तिच्यात घर बांधत बसले. मधली बाकं काढली, मागे फळीचा पलंग केला, पलंगाखाली डबे ठेवायला खण, एका कोपऱ्यात शेगडी, टपावर पाण्याची टाकी आणि आत पितळी नळ. खिडक्यांना ताईच्या जुन्या साड्यांचे पडदे. गावात सगळे तिला घरगाडी म्हणायला लागले. शेजारचा न्हावी दर वेळी विचारायचा, "याकोबराव, वहिनी भांडल्या तर लोक घर सोडून जात्यात. तुमी घर घेऊनच जाणार का?" दाजींना हा विनोद आवडायचा. ते स्वतःच तो आल्यागेल्याला सांगायचे.

कोल्हारच्या घरापासून प्रवरा हाकेच्या अंतरावर. दाजी तिच्यात पोहायला शिकले, तिचंच पाणी प्यायले, पण ती येते कुठून हे त्यांनी कधी बघितलं नव्हतं. आयुष्यभर दुसऱ्यांची पोरं नेण्या-आणण्यात गेलं. म्हणून घरगाडीची पहिली मोठी सफर नदीच्या माहेरी, रतनवाडीच्या खोऱ्यात करायची असं त्यांनी ठरवलं होतं. ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. दाजी, ताई, त्यांची मुलगी रूथ आणि तिची दोन लहान मुलं, मी, माझी बायको आणि आमची मुलगी. गाडी सुरू करण्याआधी दाजींनी नेहमीप्रमाणे स्टिअरिंगवर हात ठेवून प्रार्थना केली. आमेन म्हणून आम्ही डोळे उघडले तरी त्यांचे मिटलेलेच होते. ताई म्हणाली, "अहो, तिथं जाऊन झोपा की." सगळे हसले, मीही हसलो.

मी त्यांच्या डाव्या बाजूला पुढच्या सीटवर होतो. लोणी गेलं, संगमनेर गेलं. मधूनच ते म्हणत, "मास्तर, वाच." मला भरून येत होतं. बेचाळीस वर्षांचा माणूस मी, पण पुन्हा आठवीतला होऊन पाट्या वाचत होतो. मागे रूथ आपल्या मुलांना सांगत होती की मामाला आजोबांनी असंच वाचायला शिकवलं. अकोल्याच्या अलीकडे मी एक पाटी मुद्दाम चुकीची वाचली. लहानपणी असं केलं की ते लगेच टपली मारायचे. या वेळी ते नुसतं "हं" म्हणाले. पाटी चांगली मोठी होती, रस्त्याच्या डाव्या कडेला, पांढऱ्या अक्षरांची. मी पुढची पाटीही चुकीची वाचली... त्यांनी तेही मान्य केलं. मला वाटलं लक्ष रस्त्याकडे असेल. मी स्वतःची समजूत घातली खरी, पण घरातलं एकेक आठवायला लागलं. घरात गेले काही महिने ते चौरंगाला अडखळायचे, दाराच्या चौकटीला खांदा धडकायचा, ताटाच्या डाव्या बाजूची चटणी तशीच राहायची. आम्ही ते वयावर घातलं होतं. चाळीस वर्षांत ज्यानं गाडीला साधा ओरखडा येऊ दिला नाही, त्याच्या नजरेबद्दल शंका घ्यायचं आमच्या घरात कुणाच्या मनातही आलं नसतं.

राजूर सोडल्यावर चढ आणि वळणं सुरू झाली. एका वळणावर डोक्यावर सरपणाच्या मोळ्या घेतलेल्या चार बायका डाव्या कडेनं एकामागे एक चालल्या होत्या. मला त्या दुरून दिसत होत्या. दाजी गाडी जराही उजवीकडे घेईनात. मी वाट बघितली, आता घेतील, आता घेतील... आणि मग ओरडलो. ब्रेक लागले, मागे डबे खाली पडले. शेवटच्या म्हातारीच्या मोळीचं टोक आरशात अडकून गाडी थांबली. तिला लागलं नव्हतं, पण ती फिरून सरळ खिडकीशी आली. "दिसत न्हाई का रं तुला?" मागच्या खिडकीतून ताई तिच्यावर डाफरली, की चाळीस वर्षं गाडी चालवतोय हा माणूस, तूच जरा कडेनं चाल. म्हातारी म्हणाली, "चाळीस वरसं चालवली म्हनून आज मला दाबायची का?" तिच्या मागच्या बायका हसल्या, रूथही हसली. मी दाजींकडे बघितलं. ते समोर बघत होते. गाडी पुन्हा सुरू केल्यावर, मागं ऐकू जाणार नाही अशा आवाजात ते म्हणाले, "डाव्या अंगाचं तू मला सांगत जा."

त्याच क्षणी मी त्यांना थांबवायला हवं होतं. गाडी कडेला घ्या, मी चालवतो, एवढंच म्हणायचं होतं. माझ्याकडे लायसन होतं, गाडी त्यांनीच मला शिकवली होती. पण ज्या माणसानं माझी पेटी खांद्यावरून आणली त्याला, त्याची बायको, मुलगी, नातवंडं ऐकत असताना, तुम्हाला दिसत नाही असं कसं म्हणायचं... मी म्हणालो नाही. मी सांगायला लागलो. डावीकडं म्हैस. डावीकडं दगडाची रास. मोटारसायकल. पोरांना वाटलं हा पाट्या वाचायचा खेळच पुढे चाललाय. ती खिडकीला नाकं लावून ओरडायला लागली. "आजोबा, शेळी!" "आजोबा, मारुतीचं देऊळ!" "आजोबा, एक माणूस झोपलाय!" दाजी दर वेळी शाब्बास म्हणत आणि स्टिअरिंग जरासं वळवत. शेंडीपासून धरणाच्या पाण्याकडेनं रतनवाडीपर्यंतचा सगळा अरुंद रस्ता तीन लहान पोरांच्या ओरडण्यावर पार पडला. एकीकडे निळं पाणी, समोर रतनगडाचा कडा, ताई म्हणत होती की असा डोंगर तिनं जन्मात बघितला नाही. मला त्यातलं काही दिसलं नाही. माझी नजर रस्त्याच्या कडेच्या त्या तीन फुटांवर होती.

गावाबाहेर झाडाखाली गाडी लावली. जवळच्या घरातल्या बाईकडून पानाच्या द्रोणात करवंदं घेतली, गाडीतच पिठलं-भाकरी झाली. मग सगळे प्रवरेच्या ओढ्यानं वर चढायला निघाले. इथं ती नदी नव्हतीच, दगडांतून वाहणारी घोट्याएवढी धार. दाजी म्हणाले तुम्ही जा, मी गाडीपाशी बसतो. पोरं पाण्यात उड्या मारत होती, बायका दगडावर बसून पाय बुडवत होत्या, आणि मी सारखा घड्याळ बघत होतो. तीनला निघालो तर घाट उजेडात उतरेल. पाचला निघालो तर वाटेतच अंधार पडेल. पण निघायचं म्हणजे किल्ली कुणाकडे? ते गाडी सुरू करून बसले असतील तर त्यांना उठवायचं कसं? बायकोनं विचारलं, अंगात ताप आहे का तुमच्या. मी पाणी आणतो म्हणून एकटाच माघारी आलो.

दाजी गाडीपाशी नव्हते. पलंगावर नव्हते, झाडामागे नव्हते. मी हाका मारल्या. करवंदवाल्या बाईला विचारलं, ती म्हणाली बाबा खाली गेले, हात पुढं धरून चालत होते. त्या बाजूला ओढा एका खडकावरून खाली पडतो, तिथं खोल डोह आहे. मी धावलो. मधल्या पन्नास पावलांत मी काय काय बघितलं ते लिहिता येणार नाही... दाजी डोहाच्या वरच्या कडेला दगडावर बसले होते. बूट काढून शेजारी नीट जोडून ठेवलेले, पाय पाण्यात. मला बघून नाही, माझ्या पावलांच्या आवाजावर ते म्हणाले, "मास्तर, हितलं पानी गार हाय. आपल्याकडचं कोमट असतं."

मी शेजारी बसलो. त्यांनीच सांगितलं. दीड वर्ष झालं होतं. समोरचं स्वच्छ दिसतं, पण नळीतून बघितल्यासारखं, बाजूचं जग कुणी तरी पडदा ओढून घ्यावा तसं आत येत चाललेलं. डावीकडचं जवळपास गेलेलं, उजवीकडचं जायला लागलेलं. कुणाला सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की गाडी सुटणार. गाडी आतून बांधत होते त्यातला बराच काळ त्यांना धास्ती होती, आधी गाडी पुरी होते की डोळे. "एवढी एक फेरी हुती माझी," ते म्हणाले. "घरापत्तर नेऊ दे. मग देतो सोडून. तू हायेस की बाजूला." ते ताईला न सांगण्याची शपथ मागत होते आणि मी तीही देऊन बसलो. पण गाडीचं मात्र मला जमेना. मी पाण्याकडे बघत म्हणालो, "दाजी, तुम्ही चालवणार असाल तर मी, माझी बायको, मुलगी आम्ही इथून जीपनं जातो. ताईला आणि रूथच्या पोरांनाही घेऊन जातो." आयुष्यात त्यांना मी दिलेला हा पहिला नकार. आवाज माझा मलाच अनोळखी वाटला. ते बराच वेळ पाण्यात पाय हलवत राहिले. मग म्हणाले, "किल्ली वरच्या खिशात हाय. घे तू." त्यांनी ती काढून दिली नाही. मला त्यांच्या सदऱ्याच्या खिशात हात घालून ती घ्यावी लागली, आणि आतून छातीचे ठोके हाताला लागले.

सगळे परतल्यावर दाजींनीच जाहीर केलं, परतीची गाडी मास्तर चालवणार. रूथच्या मोठ्या मुलानं विचारलं, का? "चाळीस वरसं नुसता रस्ता बघितला," ते म्हणाले. "आज मला डोंगर बघायचाय." ताईला ते पटलं, तिनं त्यांना खिडकीकडची जागा करून दिली. मी चालवायला बसलो. एवढी लांब गाडी मी घाटात कधी उतरवली नव्हती. दाजी माझ्या डाव्या बाजूला, मी सकाळी बसलो होतो त्याच सीटवर, खिडकीकडे तोंड करून बसले होते, आणि मला ठाऊक होतं की बाहेरचं त्यांना जे दिसतंय ते नळीएवढंच आहे. एका तीव्र उतारावर गाडी माझ्या हातून सुटल्यासारखी धावायला लागली, तेव्हा दाजी न वळता म्हणाले, "दुसरा टाक." मी दुसरा गिअर टाकला. गाडी आवरली. संगमनेरला चहाला थांबलो तेव्हा मी बाकावर अंग टाकलं. ताई म्हणाली, "एवढ्यात दमला? ह्यांनी रोज शंभर पोरं नेली." दाजी म्हणाले, "चांगली चालवली त्यानं." त्यांनी माझं कौतुक केल्याची ती दुसरी वेळ असावी; पहिली बी.ए.च्या निकालाची.

त्यानंतर त्यांना नगरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे न्यायला मला पाच महिने लागले. आधी परीक्षा, मग प्रवेश, मग ताईला काय सांगून न्यायचं हा प्रश्न. कारणं सगळी खरी होती. डॉक्टर म्हणाले, काचबिंदू आहे, गेलं ते परत येत नाही, थेंबांनी उरलेलं टिकेल, थोडं आधी आणायला हवं होतं. त्या "थोडं आधी"मध्ये माझे पाच महिने किती, हे मी तेव्हापासून मोजतो आहे. दाजींनी मला कधी बोल लावला नाही. थेंब कशाचे असं ताईनं विचारलं, तर डोळे कोरडे पडतात म्हणून सांगितलं. घरगाडी कडुलिंबाखाली उभी राहिली. कधी क्लच, कधी बॅटरी, कधी पाऊस असं काही ना काही ते सांगत राहिले. शेवटची दोन वर्षं ताई त्यांना हाताला धरून चर्चला न्यायची, आणि तीही ते वयावरच घालायची. निदान मला तसं वाटायचं.

मागच्या रविवारी उपासना झाल्यावर मी कोल्हारला गेलो. ताई घरगाडीच्या पायरीवर बसली होती. रूथचं म्हणणं गाडी विकावी असं आहे, हे तिनं सांगितलं, आणि मग मला विचारलं, "त्या दिवशी त्यांनी तुला गाडी का दिली रे? ते कुनाला देत नव्हते." मी सांगितलं. सगळं सांगितलं, शपथेसकट. ती ऐकत राहिली. मला वाटलं होतं ती रडेल, किंवा म्हणेल की मला ठाऊक होतं. तिनं विचारलं, "तुला कळलं कुठं?"

"राजूरच्या पुढं. त्या मोळीवाल्या बाईपाशी."

"म्हंजी तिथनं रतनवाडीपत्तर तुला ठाऊक होतं."

मी हो म्हणालो.

"पोरं मागं होती," ती म्हणाली. "आनि मी त्या म्हातारीला बोलले."

ती उठली. बादलीत फडकं बुडवून पिळलं आणि गाडीची पुढची काच पुसायला लागली. गाडी उभी होती त्या चार वर्षांत दाजी रोज सकाळी ही काच पुसत, चहाच्याही आधी, बोटांनी कडा चाचपत. ते गेल्यापासून ताई पुसते. पण तिची उंची कमी. खालची काच लख्ख होती आणि वरच्या कडेला दीड महिन्याच्या धुळीचा वीतभर पट्टा, कडुलिंबाच्या काड्या चिकटलेल्या. ती टाचा उंचावून, जिथवर हात जातो तिथवर पुसत राहिली. माफी कशाची मागायची, जाताना गप्प बसल्याची की नंतर चार वर्षं गप्प बसल्याची, हे मला ठरवता येत नव्हतं. बऱ्याच वेळानं तिनं माझ्याकडे न बघताच ओलं फडकं माझ्यापुढं धरलं.

"वर तुझा हात पोचंल," ती म्हणाली, आणि बादली माझ्या पायाशी सरकवून, काच पुसून होईपर्यंत तिथंच उभी राहिली.